सर्व्हर बंद पडला तरी खेळ चालू राहावा म्हणून

१५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने पहिल्या पिढीच्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद केली. त्या दिवशी 'हेलो २' या खेळाच्या काही मोजक्या चाहत्यांनी एक हट्ट धरला. सेवा बंद होण्याआधीच ते खेळात शिरले होते आणि त्यांनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत. नव्या खेळाडूला आत येण्याची वाट उरली नव्हती. मात्र आत असलेल्यांची यंत्रे एकमेकांशी थेट बोलत होती, त्यामुळे खेळ चालू राहिला. पुढे कोणाची जोडणी तुटली, कोणाचे यंत्र थकले, असे करत एकेक जण गळत गेला. शेवटचा खेळाडू मे महिन्यात बाहेर फेकला गेला, तेव्हा तो खेळ ऑनलाइन जगातून खऱ्या अर्थाने संपला.

त्यांच्या हातातले यंत्र शाबूत होते. विकत घेतलेली डिस्कही चांगली होती. बंद पडला होता तो कुठेतरी दूर असलेला एक संगणक, म्हणजे सर्व्हर. तो आपल्या मालकीचा नसतो, हे आपल्या तोवर लक्षातही येत नाही. निन्टेन्डोने २० मे २०१४ रोजी डीएस आणि वी या यंत्रांची ऑनलाइन सेवा थांबवली, तर एप्रिल २०२४ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू यांची. दोन्ही वेळा चाहत्यांनी स्वतःचे पर्यायी सर्व्हर उभे केले. विमफी आणि प्रिटेंडो ही त्यांतली ठळक नावे. हे काम सोपे नव्हते. यंत्र आणि सर्व्हर यांच्यातली भाषा कंपनीने कधीच प्रसिद्ध केली नव्हती. तारेवरून काय जाते आणि काय येते हे टिपत टिपत ती उलगडावी लागली.

मग एक साधा प्रश्न पडतो. यंत्रच मुक्तस्रोत असेल, म्हणजे त्याचा आराखडा आणि संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली असेल, तर त्याची ऑनलाइन सेवाही वापरणाऱ्यांनीच पहिल्या दिवसापासून उभारली तर? हे जमू शकते. मात्र त्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि माणसांचा स्वभाव या तिन्हींशी जुळवून घ्यावे लागते.

अडीच किलोबाइटचा संसार

उदाहरण म्हणून आर्डुबॉय घेऊ. अमेरिकेतल्या केविन बेट्स यांनी २०१४ मध्ये टेट्रिस खेळता येईल असे एक व्हिजिटिंग कार्ड तयार केले. ते गाजले आणि २०१५ मध्ये लोकवर्गणीतून त्याचे हातात मावणारे खेळयंत्र झाले. आकार साधारण क्रेडिट कार्डाएवढा. काळा-पांढरा पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, बटणे सहा. आतली चिप आठ बिटांची असून तिचा वेग १६ मेगाहर्ट्झ आहे. खेळ साठवायला ३२ किलोबाइट जागा मिळते आणि चालू कामाची स्मृती, म्हणजे रॅम, अवघी अडीच किलोबाइट. मोबाइलवरच्या एका छायाचित्रातही याच्या हजारपट माहिती असते.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला, तर एका चित्रालाच १०२४ बाइट, म्हणजे एक किलोबाइट लागतो. उरलेल्या दीड किलोबाइटमध्ये खेळाडू कुठे आहे, शत्रू किती उरले, गुण किती झाले हे सगळे बसवायचे. त्यातच आता दूरच्या गावातला दुसरा खेळाडूही आणायचा आहे.

शिवाय या यंत्राला वायफाय नाही. म्हणून वाट अशी काढावी लागते: यंत्र यूएसबी तारेने संगणकाला जोडायचे, संगणकाने इंटरनेटवरून सर्व्हरशी बोलायचे आणि सर्व्हरने तो निरोप समोरच्या खेळाडूच्या संगणकामार्फत त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचवायचा. क्रोम ब्राउझरमध्ये २०२१ पासून संकेतस्थळाला, वापरणाऱ्याची परवानगी घेऊन, अशा जोडलेल्या यंत्राशी थेट बोलता येते. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची कटकटही वाचते. ओड्रॉइड-गो हे दुसरे खेळयंत्र ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपवर चालते. तिथे मधल्या संगणकाची गरज उरत नाही. बाकी हिशेब मात्र बराचसा तोच.

चिठ्ठी लहान, पाकीट मोठे

पहिला प्रश्न असा की पाठवायचे काय? पडद्यावरचे पूर्ण चित्र पाठवायचे ठरवले, तर सेकंदाला ६० चित्रांसाठी ६० किलोबाइट लागतील. पण त्याची गरजच नाही. दोन्ही यंत्रांवर तोच खेळ चालू आहे. सुरुवात सारखी असेल आणि नियमही सारखे असतील, तर एकमेकांना फक्त एवढेच कळवायचे की या क्षणी मी कोणती बटणे दाबली. बटणे सहा, म्हणजे सहा बिट. एका बाइटात ती मावतात. पत्राने बुद्धिबळ खेळणारे पूर्ण पट पाठवत नसत, फक्त चाल लिहून कळवत. युक्ती तीच आहे. १९९७ साली आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाने फोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेमवर शेकडो सैनिकांची युद्धे याच युक्तीने शक्य करून दाखवली होती.

गंमत अशी की हा एक बाइट इंटरनेटवर एकटा प्रवास करू शकत नाही. त्याच्यावर पत्ता आणि क्रमांक असलेले पाकीट चढते. टीसीपी पद्धतीत हे पाकीट किमान ४० बाइटांचे असते. चिठ्ठी एका शब्दाची आणि पाकीट चाळीस शब्दांचे, असा हा प्रकार. तरीही सेकंदाला ६० पाकिटे धरली, तर एका खेळाडूमागे साधारण अडीच किलोबाइट होतात. शंभर खेळाडू एकाच वेळी खेळत असले, तरी सर्व्हरकडे सेकंदाला सुमारे अडीचशे किलोबाइट येतील आणि तेवढेच बाहेर जातील. इंटरनेटवर एक चांगल्या प्रतीचा चित्रपट पाहणारा माणूसही याहून जास्त माहिती खेचतो. म्हणून अशी सेवा भाड्याच्या एका लहानशा सर्व्हरवर चालू शकते.

यात एक पथ्य काटेकोर पाळावे लागते. दोन्ही यंत्रांचे गणित तंतोतंत जुळले पाहिजे. खेळात फासा पडत असेल, तर तो दोन्हीकडे सारखाच पडायला हवा. त्यासाठी यादृच्छिक संख्यांची सुरुवात ज्या अंकापासून होते, तो अंक दोघांनी आधी ठरवून घ्यायचा. एका ठिपक्याची चूक झाली, तरी थोड्या वेळाने एका यंत्रावर पहिला खेळाडू जिंकलेला दिसेल आणि दुसऱ्यावर दुसरा. हे पकडायला दोन्ही यंत्रे ठरावीक वेळाने आपापल्या स्थितीची बेरीज करून एकमेकांना कळवतात. बेरीज जुळली नाही, तर खेळ तिथेच थांबवायचा.

प्रकाशालाही वेळ लागतो

दुसरा अडथळा अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात. मुंबई ते जर्मनीतले फ्रँकफर्ट हे सरळ रेषेतले अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे. तार अगदी सरळ टाकली, तरी निरोप जाऊन उत्तर यायला ६५ मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्षात समुद्राखालच्या तारा वळसे घेतात, वाटेत राउटर लागतात आणि हा आकडा शंभराच्या पुढे जातो. पैसे कितीही ओतले, तरी प्रकाशाच्या वेगापुढे कोणाचे चालत नाही.

सेकंदाला ६० चित्रे म्हणजे दर चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळ. शंभर मिलिसेकंद म्हणजे सहा चित्रांचा उशीर. मोठी यंत्रे यावर एक उपाय करतात. समोरच्याने काय केले असेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेतात आणि अंदाज चुकला, तर थोडे मागे जाऊन गणित नव्याने मांडतात. मारामारीच्या खेळांसाठी टोनी कॅनन यांनी बनवलेली जीजीपीओ ही प्रणाली यासाठी प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तीही मुक्तस्रोत झाली. पण मागे जायचे, तर मागच्या काही क्षणांच्या नोंदी जपाव्या लागतात. खेळाच्या एका क्षणाची नोंद २०० बाइटांची धरली, तर आठ क्षणांचे १६०० बाइट होतात. आपल्या हाती उरली आहे दीड किलोबाइट जागा, आणि त्यातच खेळही चालवायचा आहे.

मग दोनच वाटा उरतात. एक म्हणजे स्वतःचे बटणही मुद्दाम काही क्षण उशिरा लागू करायचे, म्हणजे दोघांनाही सारखाच उशीर होतो आणि खेळ न्याय्य राहतो. दुसरी म्हणजे उशिराने बिघडणार नाहीत असे खेळ निवडायचे. आळीपाळीचे, पत्त्यांचे, पटावरचे खेळ यात चपखल बसतात. साध्या यंत्रावर पहिली ऑनलाइन सेवा आणायची, तर सुरुवात इथूनच करणे शहाणपणाचे ठरते.

समोर कोण आहे?

खरा कस इथे लागतो. अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडणारी कोणतीही सेवा लहान मुलांपर्यंत पोहोचते, आणि लहान, रंजक दिसणाऱ्या यंत्राची तर नक्कीच. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. हौशी गटाला हे पेलणे अवघड आहे. त्यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे माहिती गोळाच न करणे. नाव नको, ईमेल नको, जन्मतारीख नको. खोलीचा चार अक्षरी संकेत मित्राला सांगायचा, त्याने तो भरायचा आणि खेळ सुरू. लिहून गप्पा मारण्याची सोय द्यायचीच नाही. 'छान खेळलास', 'पुन्हा खेळू', 'थांब' अशी ठरलेली चार-सहा चिन्हे पुरतात. निरोप सर्व्हरमार्फत जात असल्यामुळे एका खेळाडूचा इंटरनेटवरचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

आरोग्याच्या बाजूनेही याला अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे. हे साधारण वर्षभर टिकले आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा काम ढासळू लागले, तरच तो विकार मानला जातो. थोडा वेळ खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल, अशा क्लृप्त्या मुलाला पडद्याशी बांधून ठेवतात. जी सेवा जाहिरातीवर किंवा खरेदीवर जगत नाही, तिला या क्लृप्त्यांची गरजच पडत नाही.

किल्ल्या कोणाकडे?

अशा सेवा तंत्रज्ञानामुळे क्वचितच बंद पडतात. एकट्याने सगळा भार वाहणारा माणूस थकतो, नोकरी बदलतो किंवा आजारी पडतो, तेव्हा त्या थांबतात. म्हणून सर्व्हरची किल्ली आणि संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी किमान दोन-तीन जणांकडे हवी. खर्चाचा हिशेब सर्वांना दिसेल असा मांडलेला हवा. सर्व्हरची आज्ञावली एजीपीएलसारख्या परवान्याखाली खुली ठेवली, तर त्यात बदल करून सेवा चालवणाऱ्यालाही ते बदल वापरणाऱ्यांसाठी खुले करावे लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, सर्व्हरचा पत्ता खेळात कायमचा कोरून ठेवायचा नाही. तो खेळाडूला बदलता आला पाहिजे. वी आणि डीएसच्या चाहत्यांना यंत्राची दिशाभूल करून त्याला नव्या सर्व्हरकडे वळवावे लागले, कारण जुना पत्ता आतच पक्का होता. पत्ता बदलता येत असेल, तर एखादी शाळा, एखादे वाचनालय किंवा दोन मित्रही घरच्या जुन्या संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवू शकतात.

मुलासाठी ऑनलाइन खेळायचे यंत्र घेताना पालकांनी दुकानदाराला तीन प्रश्न जरूर विचारावेत. इंटरनेट नसताना यावर काय चालते? खेळायला मुलाची कोणती माहिती द्यावी लागते? आणि कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला, तर आमच्या हातात काय उरते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. 'हेलो २'च्या त्या खेळाडूंना ते विचारायची वेळ आली, तेव्हा फार उशीर झाला होता.