शासकीय आरोग्यसेवेविषयीचा असंतोष : डहाणू व तलासरी तालुके

शासकीय आरोग्यसेवेला होणारा विरोध सर्वत्र एकाच स्वरूपाचा नसतो. पाचव्या अनुसूचीत मोडणाऱ्या, वारलीबहुल डहाणू व तलासरी तालुक्यांत तो प्रामुख्याने सेवेच्या अभावाविरुद्ध आहे. आदिवासी क्षेत्रात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र व २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे उपचार मिळतातच असे नाही. डॉक्टरचे पद रिक्त राहिले की रुग्ण भगताकडे, खासगी दवाखान्यात किंवा सीमेपलीकडे वापी, सिल्वासा येथे जातो. डॉक्टरांची नाराजीही याच अभावातून येते. निवासस्थान, औषधे व सहकारी यांवाचून एकट्याने जबाबदारी पेलणे दुष्कर ठरते.

कष्टकरी संघटनेने डहाणू परिसरात १९९०च्या दशकात या असंतोषाला हक्काच्या मागणीचे रूप दिले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख व जनसुनवाई यांना शासकीय स्थान मिळाले. त्यांत तत्कालीन ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. जनसुनवाईमुळे गाऱ्हाण्याचा रोख एकट्या डॉक्टरवर न राहता व्यवस्थेकडे वळू शकला. सारांश, शासनाने आरोग्यसेवेतून माघार घ्यावी, असा या विरोधाचा आशय नाही. त्याने ती पुरेपूर द्यावी, असा आहे.