बाबासाहेब हे कोणत्या साली म्हणाले?

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात गेट मीटिंग शिफ्ट बदलताना घेतात, म्हणजे सुटणारे आणि आत जाणारे दोघेही हाताशी लागतात. वक्त्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात मागणीपत्र समजावायचे, कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांची भीती घालवायची आणि टाळीही घ्यायची. टाळीसाठी बाबासाहेब लागतात. "चौदा तासांचे आठ तास कोणी केले?" असे वरून विचारले की खालून एकच नाव येते. मी भोसरीत टूलरूमला होतो, युनियनच्या कमिटीवरही होतो. निवृत्त झालो तरी बोलावले की जातो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता टाळी कुठे पडणार ते आधी कळते.

अलीकडे तेच नाव गेटच्या आतूनही येऊ लागले आहे. एका कंपनीत संविधान दिनाला एचआरचे साहेब बोलले. घटना समितीतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाचा दाखला देऊन त्यांनी सांगितले, की आता सनदशीर मार्ग खुले आहेत, आंदोलने म्हणजे अराजकाचे व्याकरण, असे खुद्द बाबासाहेबांनी बजावले आहे. तेव्हा संपाची भाषा नको. आमच्या शेजारचा मुलगा तिथे ट्रेनी आहे. संध्याकाळी येऊन म्हणाला, "काका, आतले साहेब सांगतात ते बाबासाहेब खरे, की गेटवर तुम्ही सांगता ते?" मी म्हटले, "दोन्हीकडे आधी साल विचार."

साल विचारले की बरीच धूळ खाली बसते. आधी आमच्याच बाजूचे घेऊ. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या वेळी कारखान्यात कायद्याने चौदा तास नव्हतेच. 1922 मध्ये मर्यादा दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तासांवर आली होती. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती 10 आणि 54 केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात दुरुस्ती आणली आणि आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. सहा दिवसांनी भागले की आठ येतात, पण दिवसाची कमाल मर्यादा कायद्यात 9 तासांची होती आणि 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही 9 च राहिली. तो ॲक्ट आला तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते.

एवढे सांगितले की आमचेच लोक नाराज होतात. काका, तुम्ही बाबासाहेबांना कमी करताय. कमी कुठे? इंग्रजांचे राज्य चालू असताना, गिरणीमालक समोर बसलेले असताना, कामगाराचे आठवड्याला सहा तास कायद्याने सोडवून घेणे ही काही छोटी गोष्ट नाही. चौदाचा आकडा मोबाइलवरच्या संदेशांतून आला. तो खोडायला समोरच्या वकिलाला दोन मिनिटे लागतात, आणि मग खरे सहा तासही संशयात पडतात.

आता साहेबांचे बघू. 1938 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्यांनी औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. तडजोडीची प्रक्रिया सक्तीची आणि ती डावलून केलेला संप गुन्हा, असा त्याचा रोख होता. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी मांडणी त्यांनी विधिमंडळात केली आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी कम्युनिस्टांना सोबत घेऊन मुंबईत एक दिवसाचा संप केला. मग अकरा वर्षांत ते उलटले का? 1949 चे भाषण पुरते वाचले तर तसे दिसत नाही. त्यात त्यांनी सोडून द्यायच्या मार्गांची नावे घेतली आहेत: रक्तरंजित क्रांती, कायदेभंग, असहकार, सत्याग्रह. त्या यादीत संप नाही. नसणारच, कारण कायदेशीर संप कशाला म्हणायचे हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तोवर लिहून झाले होते. रीतसर नोटीस देऊन केलेला संप हा सनदशीर मार्गच आहे. साहेबांनी भाषण वाचले असेल, यादी वाचली नसावी.

हा रोग फक्त चाकणचा नाही. प्रास्ताविकेत 1976 मध्ये घातलेल्या 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' या शब्दांवरून दिल्लीत वर्षानुवर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी त्या याचिका फेटाळल्या. शब्द काढा म्हणणारे 15 नोव्हेंबर 1948 चा दाखला देत. त्या दिवशी के. टी. शहांनी घटनेत 'समाजवादी' शब्द घालायची सूचना केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, हे खरेच आहे. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावे, घटनेने त्यांना आधीच बांधून टाकू नये, असे ते म्हणाले. पण त्याच उत्तरात पुढे त्यांनी शहांना मार्गदर्शक तत्त्वे दाखवली आणि विचारले, की हा समाजवाद नाही तर आणखी काय? पहिला अर्धा भाग एक पक्ष वाचतो, दुसरा अर्धा दुसरा. शिवाय 1947 मध्येच 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात याच माणसाने मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत अशी मागणी केली होती. ती ना सरकारी सोहळ्यात ऐकू येते, ना हल्ली आमच्या गेटवर.

महाराष्ट्राला हे नवे नाही म्हणा. जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये पोवाडा रचला तो रयतेच्या, कुणब्यांच्या शिवाजीराजांचा. टिळकांनी 1896 मध्ये रायगडावर उत्सव मांडला तो परकी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजाचा. राजा एकच, वाद निराळे. अमेरिकेत तर न्यायाधीशच अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्यांच्या मनात काय होते ते उकरत बसतात. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदूक परवान्याचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या परंपरेच्या मोजपट्टीने निकालात काढला.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या अशाच एका संस्थापकाला बाबासाहेबांनी घटना समितीत साक्षीला बोलावले होते. तेच भाषण, 25 नोव्हेंबर 1949 चे. जेफरसनचा हवाला देऊन ते म्हणाले, की प्रत्येक पिढी हे एक वेगळे राष्ट्रच असते. तिने स्वतःला बांधून घ्यावे, पुढच्या पिढीला बांधायचा अधिकार तिला नाही. आणि त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीने हुकूमशाही येते हेही सांगून ठेवले. त्याआधी 18 जानेवारी 1943 रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात, रानड्यांच्या जयंतीला, विभूतिपूजेवर ते बोललेच होते. तेव्हा ते मजूर सदस्य होते. म्हणजे कामाच्या तासांचा कारभार पाहणारा आणि माझी पूजा नको म्हणणारा माणूस एकच.

आमच्या भागात बाबासाहेबांबद्दल आपलेपणा आहे आणि तो उसना नाही. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगाव दाभाड्याला त्यांचे घर होते. 25 डिसेंबरला देहूरोडला जी गर्दी होते तिच्यातली निम्मी माणसे कुठल्या ना कुठल्या शिफ्टला जाणारी असावीत. त्या माणसांना खोटा आकडा किंवा अर्धे भाषण देणे मला पटत नाही.

आणि एकाच नावावर सगळा भार टाकला की बाकीचे विसरले जातात. नारायण मेघाजी लोखंडे मूळचे कन्हेरसरचे, म्हणजे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तिथलेच. फुल्यांचे सहकारी. त्यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या एमआयडीसीत विजेच्या नियोजनापायी ती गुरुवारी आली, हा भाग वेगळा. चाकणच्या गेटवर लोखंड्यांचे नाव मी कधी ऐकलेले नाही. त्यांच्या नावावर मते नाहीत, एवढेच कारण असावे.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास तेच. ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला 115 वरून 144 तास, कामगाराच्या लेखी संमतीने. पुढे 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. आता बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते, यावर दोन्ही बाजू भांडतील. मला तो प्रश्नच फसवा वाटतो. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत जाता-येता तीन तास घालवून बारा तास मशीनवर उभे राहायचे का, आणि कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा लेखी 'नाही' म्हणू शकतो का, याचे उत्तर 1946 च्या कागदात नाही. ते थर्ड शिफ्टच्या माणसाला विचारावे लागेल. जुन्या कागदातून घ्यायची ती पद्धत: बाबासाहेब आकडे घेऊन उभे राहत, समोरच्याचे पूर्ण ऐकत आणि कलमावर बोट ठेवून बोलत.

त्यांची मजूर खात्यातली भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत, घटना समितीतली तेराव्यात. युनियनच्या ऑफिसात फोटो असतोच. त्याखाली हे दोन खंड आणून ठेवा. ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावे, आणि पुढच्या गेट मीटिंगला कोणी बाबासाहेबांचे वाक्य सांगितले, तो आपला असो की आतला, तर साल आणि पान विचारावे.