कुपीवरचा चौकोन काय सांगतो?

रंगावरून पारख करणे शेतकऱ्याला नवे नाही. भाताची लोंबी पिवळी झाली की विळ्याला धार लावायची, मिरची लाल झाली की तोडणी धरायची. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर घरोघरी ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी असेच रंग बदलणारे, प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ शोधले असून त्यांपैकी एकाचा आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे.

या पदार्थाचे नाव पॉलिडायॅसिटिलीन. त्याचे मूळ रेणू शिस्तीने ओळीत बसलेले असतात. त्यांवर अतिनील किरण पडले, काहींना नुसती ऊब लागली, तरी ते एकमेकांस जोडले जाऊन लांब साखळी होते. मूळ पदार्थ बिनरंगी, साखळी मात्र गडद. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड वेगनर यांनी १९६९ साली ही क्रिया उलगडून दाखविली.

तिचा उपयोग लसीच्या कुपीवर झाला. उन्हाने तापलेली पोलिओची लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. पण तिची शक्ती गेलेली असते. मुलाला डोस पाजला म्हणून आईबाप निश्चिंत होतात आणि मूल मात्र उघडेच राहते. म्हणून १९९६ पासून या कुप्यांवर एक खूण येऊ लागली: गडद वर्तुळ आणि त्यात फिका चौकोन. जितकी उष्णता, जितका वेळ, तितका चौकोन गडद होत जातो. कुपी पुन्हा बर्फात ठेवली तरी तो फिका होत नाही.

नियम सोपा आहे. चौकोन वर्तुळाहून फिका असेल आणि मुदत संपली नसेल, तर लस वापरावी. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर ती कुपी बाजूला ठेवावी. मात्र लस गोठून बिघडली असेल, तर ते ही खूण सांगत नाही.

आता याच पदार्थाची केसाहून बारीक नक्षी काढता येते. रांगोळीच्या छापातून जशी पूड पडते, तसे नक्षीच्या झाकणातून अतिनील किरण सोडतात. किरण पडले तेवढाच भाग निळा होतो. बाकीचा धुऊन काढतात. ही निळी रेघ उष्णतेने, किंवा ठराविक रेणू वा जंतू चिकटल्याने, लाल होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये फ्लूचा विषाणू असा ओळखला. दक्षिण कोरियातील हानयांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बोटावरील घामाची छिद्रे लाल ठिपक्यांनी टिपून दाखविली. ठिपके बारीक असले की एका छोट्या पट्टीवर अनेक तपासण्या मावतात आणि थेंबभर नमुना पुरतो. हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

कुपीवरची खूण मात्र आपल्या हाताशी आहे. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंना चौकोन दाखवायला सांगावे. त्यात संकोच नको. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीलाही २ ते ८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो, आणि ती गोठूही द्यायची नसते. त्या बाटलीवर अशी खूण नसेल, तर लस बर्फाच्या पेटीतून आणली की पिशवीतून, एवढे तरी आपण विचारलेच पाहिजे.