जुना संगणक, मोफत लिनक्स
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. खामगाव-मलकापूरच्या व्यापारी बांधवांनी तेवढ्यासाठी संगणक भंगारात काढू नये, असे आम्हाला वाटते. उबंटू लिनक्स मोफत आहे; आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मराठीबरोबर उर्दू कळफलकही लावता येतो. मात्र टॅली विंडोजसाठीच बनते, तेव्हा जीएसटीचा हिशेब तिच्यात असेल तर घाई नको.

कंट्रोल, आल्ट आणि टी एकत्र दाबले की टर्मिनल उघडते. हुकूम लहान इंग्रजी अक्षरांतच द्यावा: ‘एलएस’ने फायलींची यादी दिसते, ‘सीपी’ने नक्कल होते. ‘आरएम’ला जपावे. त्याने पुसलेली उधारीची फाईल कचरापेटीत जात नाही, सहसा विचारणाही होत नाही. मग वसुलीला काय दाखवणार? रोज दुकान बंद करताना खात्याची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो घरी न्यावा.