ताई, दोन मेणबत्त्या लावल्या तर?

एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प म्हणजे काय, हे ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री कल्चरल आणि मधल्या वेळात पोह्यांचं भलंमोठं पातेलं घासणं. आमचा कॅम्प भोर तालुक्यातल्या एका गावात होता. चौथ्या दिवशी सरांनी विचारलं, ‘झेडपीच्या शाळेत विज्ञानाचा तास कोण घेणार?’ मी एस.वाय.बीएस्सी, फिजिक्सवाली. मी हात वर केला नाही. मैत्रिणीने तो धरून वर केला.

चौथीचा वर्ग, शेजारी तिसरीही बसलेली. मिळून 19 मुलं. या वयात ‘विज्ञान’ असा वेगळा विषय नसतो, असतो तो परिसर अभ्यास. म्हटलं, थिअरी नको, थेट प्रयोग. तोच, जो आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलाय. ताटात पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. नीट दिसावं म्हणून मी पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं होतं. लाल पाणी वर चढलं तसा अख्खा वर्ग गुडघ्यांवर उभा राहिला.

मग मी ठेवणीतलं उत्तर दिलं. हवेत साधारण 21 टक्के, म्हणजे एक पंचमांश ऑक्सिजन असतो. मेणबत्तीने तो संपवला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. (पाणी बरोब्बर पाचव्या भागाएवढं चढलं नव्हतं, पण कोण मोजतंय!)

मागून एक मुलगी म्हणाली, ‘ताई, दोन मेणबत्त्या लावल्या तर पानी जास्त चढंल का?’

‘नाही गं. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजनही तेवढाच. फक्त लवकर विझेल.’

‘पन करून बघू ना.’

केलं. तिने आधीच्या पाण्याच्या रेषेवर पेनाने खूण केली होती. मी मोजलं नव्हतं, ती मोजत होती. दोन मेणबत्त्यांना पाणी खुणेच्या वर गेलं. तीन लावल्या, अजून वर. मुलं खूश, मी गार. ‘कधीकधी होतं असं,’ असलं काहीतरी मी पुटपुटले, तेवढ्यात घंटा झाली आणि मी वाचले.

रात्री झोप येईना. खरं सांगू का, मला लाज चुकीच्या उत्तराची नव्हती, ‘कधीकधी होतं असं’ म्हटल्याची होती. कारण हे वाक्य मी कुठून शिकले, ते मला माहितीय. पेंड्युलमच्या प्रॅक्टिकलला ‘जी’ची किंमत 1040 आली की आपण काय करतो? उत्तर 980च्या जवळ येईल अशी रीडिंग मागून बसवतो. तुम्ही नाही बसवत? ग्रेट आहात. त्या मुलीला अजून हे जमत नाही. पाणी वर गेलं तर ते वर गेलं, एवढंच तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती, ताट घेऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. पाणी जळताना फारसं चढत नाही. ज्योत विझल्यावर सर्रकन चढतं. आणि ग्लास ठेवताना त्याच्या काठातून बुडबुडे बाहेर पडतात. म्हणजे ज्योतीने आतली हवा तापली, फुगली, थोडी निसटली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आक्रसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. मेणबत्त्या जास्त, तर उष्णता जास्त आणि पाणीही जास्त. ऑक्सिजन खर्च होतो हे खरंच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणबत्तीच्या मेणाचा हिशेब मांडला, तर अंदाजे तीन भाग ऑक्सिजन जळून दोन भाग कार्बन डायऑक्साइड बनतो. त्यामुळे त्यातून पडणारी तूट अगदीच किरकोळ.

हा प्रयोग सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बायझँटियमच्या फायलोने लिहून ठेवलाय. त्याचंही स्पष्टीकरण चुकलं होतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

मुलांना उत्तर सांगण्याआधी करू द्या, हे काही आपल्याकडे नवीन नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांमध्ये 1972मध्ये होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करायची आणि परीक्षेला चक्क पुस्तक उघडून बसायची. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर अरविंद गुप्ता 1978मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नि काड्यापेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करू लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून किती खेळणी बनवली, ते यूट्यूबवर बघाच. पण मला सगळ्यात आवडला तो सवालीराम. मुलं वाट्टेल ते प्रश्न या काल्पनिक माणसाला पत्राने विचारायची आणि त्याच्याकडून उत्तर यायचं. हा कार्यक्रम 2002मध्ये बंद झाला. प्राथमिकसाठी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राची तिसरी ते पाचवीची ‘स्मॉल सायन्स’ पुस्तकं आहेत. कॅम्पला जाण्याआधी ती चाळली असती तर, असं आता वाटतं.

समारोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांकडे अर्धा तास मागितला. वर्गात म्हटलं, ‘परवा मी चुकीचं सांगितलं.’ एक क्षण शांतता, मग पहिल्या रांगेतून आवाज, ‘म्हंजी ताई नापास?’

‘हो.’

मग मेणबत्ती न लावता प्रयोग केला. कॅम्पातून थर्मासमध्ये गरम पाणी आणलं होतं. ग्लास आधी कोमट, मग गरम पाण्याने तापवला (एकदम कढत ओतलं तर काच तडकते), पटकन नॅपकिनने पुसून ताटातल्या पाण्यात पालथा घातला. हळूहळू लाल पाणी आत चढलं. मेणबत्ती नाही, धूर नाही. मुलांनी तो पाच वेळा करायला लावला. पुसूनही आत थोडी वाफ राहते आणि तिची मदत होते, हेही सांगितलं. आता लपवायचं काय!

मागची मुलगी गप्प होती. निघताना म्हणाली, ‘ताई, मग मेणबत्ती इझली का? सगळा ऑक्सिजन संपला नव्हता ना?’

मला तेव्हा सांगता आलं नाही. ‘पत्र लिहिते,’ म्हटलं. पुण्याला येऊन वाचलं आणि पोस्टकार्डावर लिहिलं: ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16च्या आसपास आला की ज्योत तगत नाही, बाकीचा तसाच उरतो. वर पत्ता घातला, इयत्ता चौथी.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पेन्सिलने, रेषा आखून. आई फुंकणीने फुंकते तर चूल पेटते, मेणबत्तीला फुंकलं तर विझते, असं का?

दोन पोस्टकार्डं फाडून झालीत. तिसरं लिहितेय.