दोन दिवसांत कोल्हापूर: काय बघायचं, आणि ते तसं का आहे?

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बसमध्ये इअरफोन विसरला असाल किंवा मीटिंगमध्ये गुपचूप वाचायचं असेल, तर तुमच्यासाठीच.

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. बीटेक झालं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि तेव्हापासून ऑफिसातल्या मित्रमंडळींसाठी मी आपोआप कोल्हापूरची हेल्पलाइन झाले. दर लाँग वीकेंडच्या आधी मेसेज येतो, "अगं, दोन दिवस कोल्हापूरला चाललोय, लिस्ट पाठव ना." लिस्ट पाठवायला दोन मिनिटं लागतात: अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, मिसळ, तांबडा-पांढरा, चप्पल. ही मंडळी सोमवारी परत येतात तेव्हा विचारते, कसं वाटलं? उत्तर ठरलेलं: "भारी होतं. गर्दी होती. मटण एक नंबर."

यात चूक काही नाही. पण त्या लिस्टमधल्या प्रत्येक नावामागे एक "का" आहे. तो कळला तर तेच दोन दिवस, तेवढाच खर्च, पण गाव वेगळं दिसतं. म्हणून आज लिस्टसोबत तिच्या मागचं कारणही सांगते.

आधी नकाशा

कोल्हापूरची सगळ्यात मोठी सोय म्हणजे जुनं गाव पायी फिरता येतं. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, खासबाग मैदान, केशवराव भोसले नाट्यगृह, बिंदू चौक, चप्पल लाइन हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे गाडी हॉटेलवर सोडा. देवळाच्या आसपास पार्किंग शोधण्यात वीकेंडचा एक तास सहज जातो. सीबीएस स्टँड किंवा रेल्वे स्टेशनवरून रिक्षा किंवा केएमटीची बस पकडायची, आणि पुढे पाय आहेतच.

पहिला दिवस, सकाळ: अंबाबाई आणि सूर्याचं गणित

दर्शनाला लवकर जा, हे सगळेच सांगतात. मी म्हणते, दर्शन झाल्यावर पाच मिनिटं महाद्वाराच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे बघा. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या आसपास, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा परंपरेनं सांगितला जाणारा क्रम आहे. हाच किरणोत्सव.

आता नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, दोन वेगळे महिने, मग सूर्य एकाच जागी कसा? मोजून बघा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर म्हणजे ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी म्हणजे ४२ दिवस. सूर्य डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दक्षिणेकडे सरकतो आणि मग त्याच वाटेनं परत फिरतो. जाताना जी जागा लागली तीच येताना लागते. या दोन्ही वेळी कोल्हापुरातून बघितलं तर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण १७-१८ अंश दक्षिणेला मावळतो. आणि संध्याकाळी सूर्य जसजसा खाली जातो, तसतशी किरणं आडवी होत आत शिरतात आणि मूर्तीवर वर चढतात.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. या दिवसांत मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंशानं सरकते. शंभर मीटर अंतरावर हा फरक किती होतो? जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे किरणांच्या वाटेत कुणाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आली, एखादा बोर्ड आला, इमारतीचा एक मजला वाढला, तरी किरणं अडतात. त्यात हवेतली धूळ आणि ढग. म्हणूनच काही वर्षी बातमी येते की किरणं चरणांपर्यंतच आली, आणि किरणोत्सवाच्या मार्गातले अडथळे हा कोल्हापुरात दरवर्षी चर्चेचा विषय असतो. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी आपलं काम चोख केलं. ती वाट मोकळी ठेवणं हे काम मात्र दरवर्षी नव्यानं करावं लागतं.

दुपार: टाउन हॉलमधला ग्रीक देव

हा पॉइंट कुणाच्याच लिस्टमध्ये नसतो. टाउन हॉल म्युझियम. इमारत इंग्रजी काळातली, बाहेर झाडं, आत शांतता. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये पद्धतशीर उत्खनन झालं. त्याच्या थोडं आधी त्याच टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला होता, आणि त्यात होती पोसायडनची एक छोटी मूर्ती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, तो काय करत होता?

उत्तर व्यापारात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन जगाशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा व्यापार चालायचा. माल घाट चढून वर यायचा आणि नदीकाठच्या बाजारपेठांत पोचायचा. म्हणजे ज्या गावाला आपण "इकडचं, रांगडं" म्हणतो, ते तेव्हाच इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या नकाशावर होतं. अर्धा तास पुरतो. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तेवढं आधी बघून घ्या.

संध्याकाळ: खासबाग आणि जळालेलं नाट्यगृह

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोममधलं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि तसं मैदान आपल्याकडे कुस्तीसाठी हवं असं त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. आत गेलात तर एक गोष्ट करून बघा. सगळ्यात वरच्या कडेला जाऊन बसा आणि मधल्या तांबड्या मातीच्या हौद्याकडे बघा. मैदान बशीसारखं आहे, त्यामुळे पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. त्या काळी ना मोठा स्क्रीन, ना ड्रोन. प्रेक्षकाला दिसण्याची सगळी सोय जमिनीच्या उतारानंच केली.

कुस्ती या गावात नुसती करमणूक नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासाला पैसे कमी पडत होते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. हेही शाहू महाराजांनीच उभारलेलं, १९१५ चं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती.

हे सांगताना माझा आवाज एपिसोडमध्ये थोडा बदललाय, ऐकताना कळेल. शाळेत असताना स्नेहसंमेलनात मी त्या रंगमंचावर उभी राहिले होते. वाक्य एकच होतं, तेही "महाराज, दूत आला आहे" छापाचं. पण विंगेतून बाहेर आल्यावर समोरचा अंधार आणि त्यातून येणारी कुजबुज अजून आठवते. त्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ येत राहिले. बाबांनी नुसतं एवढंच लिहिलं, "गेलं." नंतर पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं गेलं. तुम्ही जाल तेव्हा काम कुठवर आलंय ते बाहेरून का होईना, बघा. ट्रिपमध्ये चांगल्या स्थितीतल्या जागाच बघायच्या असा नियम नाही. मैदान आणि नाट्यगृह शेजारी-शेजारी का बांधली, हा प्रश्न तिथे उभं राहूनच पडतो. माझं उत्तर: राजाला वाटत होतं की अंग कमावणं आणि गाणं ऐकणं या दोन्ही गोष्टी एकाच गर्दीसाठी आहेत. ज्या माणसानं १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याला गर्दी कुणाची असावी हे पक्कं माहीत होतं.

नंतर बाहेर खाऊगल्लीत भेळ. ही चर्चेची गोष्ट नाही, खायची गोष्ट आहे.

जेवण: तांबडा आणि पांढरा वेगळे कसे?

बाहेरच्यांना वाटतं की हे दोन वेगवेगळे पदार्थ. खरं तर दोन्हींचा पाया एकच: अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. त्यात कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण आणि खडा मसाला पडला की पांढरा. पांढऱ्यात हळद आणि लाल तिखट अजिबात नाही, म्हणून तो पांढरा. खायची रीतही आहे: तांबड्यानं तोंड भाजलं की पांढऱ्याचा घोट. "कोल्हापुरी" नावाखाली पुण्या-मुंबईत जे नुसतं जाळ तिखट मिळतं ना, ते आमच्या घरी कुणी खात नाही. आमचं जेवण झणझणीत असतं, पण त्यात चव लागते. शाकाहारी असाल तर मिसळ आहेच. रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं ताजं धारोष्ण दूध मिळतं. पोटाला सवय नसेल तर नुसतं बघा, गंमत तेवढीच येते.

खरेदी: चप्पल घेताना

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं अगदी तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. सोशल मीडियावर गदारोळ झाला आणि मग कंपनीनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आपण सगळ्यांनी स्टोरी टाकल्या. छान. पण कारागिराला स्टोरीपेक्षा तुमची खरेदी उपयोगी पडते.

मग खरी कशी ओळखायची? चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, म्हणून त्याचा रंग नैसर्गिक तपकिरी आणि वास चामड्याचाच. शिवण चामड्याच्या वादीची, खिळे नाहीत. हाताला जड लागते आणि पहिले काही दिवस चावते. तेल लावून, थोडं थोडं घालून ती पायाला बसवायची असते. दोनशे रुपयांत, पहिल्याच दिवशी गादीसारखी मऊ चप्पल मिळत असेल तर ती बहुधा रेक्झिन आहे. दुकानदाराला सरळ विचारा, "कुठल्या गावात बनवली?" चांगला दुकानदार खूश होऊन सांगतो.

दुसरा दिवस: पन्हाळा

कोल्हापूरहून २० किलोमीटरच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले आले, त्यांत पन्हाळा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा किल्ला.

लोक तीन दरवाजाला फोटो काढतात आणि मक्याचं कणीस खाऊन खाली येतात. तुम्ही दोन जागा नीट बघा: अंबरखाना आणि अंधारबाव. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती नावाची प्रचंड धान्यकोठारं आहेत. अंधारबाव ही तीन मजली विहीर. खाली पाणी, मधे पहाऱ्याची जागा आणि तटाबाहेर पडायची वाट. आता १६६० आठवा. सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली, तरी गड चारेक महिने टिकला. कसा टिकला, ते या दोन वास्तू सांगतात: धान्य आत होतं, पाणी आत होतं. तरीही वेढा उठेना, तेव्हा जुलैच्या भर पावसात महाराज रात्री विशाळगडाकडे निघाले. मागे शिवा काशीद आणि घोडखिंडीत बाजीप्रभू. गडावर उभं राहून पश्चिमेकडची ती डोंगररांग बघितली की ती एक रात्र केवढी लांब असेल, याचा अंदाज येतो.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पन्हाळा स्वर्ग, पण जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्गच बंद झाला होता. बातमीत "राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला" असं आलं, तर समजा की धरण भरलंय. ते दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. त्या धरणाचं काम सुरू केलं तेही शाहू महाराजांनीच.

तर मंडळी, लिस्ट तीच आहे, मी एकही नाव काढलेलं नाही. फक्त टाउन हॉलचं वाढवलंय. दोन दिवसांत सगळं बसलं नाही तर रंकाळ्यावरची एक संध्याकाळ राखा आणि बाकीचं पुढच्या वेळी. आणि कोल्हापुरात रस्ता विचारायला लाजू नका. "भावा, खासबाग कुठं?" असं विचारलंत तर समोरचा निम्म्या वाटेपर्यंत सोडायला येईल.

एपिसोड आवडला तर त्या मित्राला पाठवा, जो दर वेळी फक्त लिस्ट मागतो. भेटू पुढच्या आठवड्यात!