कॉलरबोन मोडले : प्लेट बसवायची की झोळी बांधायची?

मोटारसायकल घसरली किंवा माळ्यावरून पडून खांद्यावर आपटले, की गळ्याखालचे आडवे हाड मोडते. दवाखान्यात त्याला कॉलरबोन म्हणतात. दाखल्यांच्या कामासाठी लोक आमच्याकडे येतात, तसे एक्स-रेचे पाकीट घेऊनही येतात. ‘डॉक्टर प्लेट बसवा म्हणतात. कर्ज काढू का?’ आम्ही पडलो कारकून. उपचार सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण डॉक्टरांना काय विचारावे, ते सांगता येईल.

पूर्वी हात झोळीत बांधून ठेवीत. अमेरिकेतील डॉ. नीर यांनी १९६० साली दोन हजारांवर रुग्णांचा जमाखर्च मांडला. शस्त्रक्रियेविना हाड न जुळलेले त्यात अवघे तीन निघाले. मग चाकू कशाला लावायचा? पण ती जुन्या नोंदींची बेरीज होती. सारख्याच रुग्णांवर दोन्ही उपचार करून पाहिलेले नव्हते.

तसे कॅनडातील डॉक्टरांनी केले. हाडाची टोके पार सरकलेले १३२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. डॉक्टरची मर्जी नाही, रुग्णाची ऐपत नाही. चाचणीचे सारे मोल या वाटणीत आहे. निष्कर्ष २००७ साली आला. वर्षभर तपासणीला आलेल्यांपैकी प्लेटवाल्या ६२ जणांत दोघांचे हाड जुळले नाही, झोळीवाल्या ४९ जणांत सात जणांचे. हातही प्लेटवाल्यांचा बरा चालत होता. शस्त्रक्रियेकडे कल आधीच वाढत होता, त्याला आता आधार मिळाला.

पुढे ब्रिटनमधील २० रुग्णालयांत ३०१ रुग्णांची चाचणी झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी झोळीवाल्या शंभरांत सुमारे अकरा जणांचे हाड जुळलेले नव्हते, प्लेटवाल्यांत शंभरी एकही भरत नव्हता. पण हाताच्या कामात तोवर दोन्ही गट सारखेच झाले होते. सहा आठवडे आणि तीन महिने या टप्प्यांवर मात्र प्लेटवाले पुढे होते.

आता खतावणीसारखा हिशेब करा. शंभर जणांवर शस्त्रक्रिया केली, तर दहा जण न जुळणाऱ्या हाडापासून वाचतात. उरलेल्या नव्वदांपैकी जवळजवळ सर्वांचे हाड झोळीतही जुळलेच असते. प्लेट टोचली तर ती काढायला पुन्हा टेबलावर जावे लागते. जखम चिघळू शकते, छातीवरची कातडी बधिर होऊ शकते.

म्हणून विचारावे : टोके किती सरकली आहेत? हाड कातडी फाडून बाहेर आले असेल किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल, तर शस्त्रक्रियेला वेळ लावू नये. तसे नसेल, तर झोळी बांधून थांबता येईल का? नाहीच जुळले तर प्लेट नंतरही बसवता येते. अर्थात हमाली करणाऱ्याला ते सुरुवातीचे तीन महिने फार मोठे असतात. लवकर कामावर जाण्याचा फायदा आणि कर्जाचे व्याज, दोन्ही त्याने एकाच कागदावर मांडावेत. हा हिशेब घरोघर वेगळा निघेल.

झोळी बांधली, तरी बोटे, मनगट आणि कोपर डॉक्टर सांगतील तसे हलवीत राहावे. आणि विडी-सिगारेट बंद ठेवावी. ओढणाऱ्यांचे हाड न जुळण्याचा धोका जास्त असतो.